सीडीचं बटण

गाडी घेताना माणूस ॲव्हरेज विचारतो, रंग विचारतो, डिकीत किती बॅगा मावतील ते विचारतो. कंपनीने आधीच बसवून दिलेल्या डेकबद्दल मात्र फारसं कोणी काही विचारत नाही. तो सासरच्या माणसांसारखा गाडीबरोबर येतो. निवडायचा प्रश्नच नसतो, जमवून घ्यायचं असतं. आणि गंमत म्हणजे गाडीत सगळ्यात आधी म्हातारा होतो तो हाच. इंजिन वीस वर्षं चालतं, डेक पाच-सात वर्षांत जुनाट दिसायला लागतो. बिघडलेला नसतो हो बिचारा, चांगला ठणठणीत असतो. फक्त त्याच्या तोंडात घालायची वस्तू बाजारातून नाहीशी होते.

हिशोबच मांडून बघा. फिलिप्सची कॅसेट आली १९६३ साली. सीडी आली १९८२ साली. ॲपलने आयपॉड दाखवला २३ ऑक्टोबर २००१ ला. २००४ मध्ये बीएमडब्ल्यूने आयपॉड गाडीला जोडायची सोय काढली तेव्हा ती बातमी झाली होती! मग प्रत्येक गाडीत ती हेडफोनची बारीक पिन जाईल असं भोक आलं. ते सगळीकडे पोचतंय न पोचतंय तोच २०१६ मध्ये आयफोनवरून ते भोकच गेलं, आणि मे २०२२ मध्ये आयपॉडही बंद झाला. म्हणजे जो प्लेअर जोडण्यासाठी जगभरच्या लोकांनी आपापले डॅशबोर्ड उचकटले, तो प्लेअरही गेला. राहिले ते डॅशबोर्ड.

असो. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात मी बाबांच्या गाडीचा डेक बाहेर काढला. 

ती गाडी तुमच्यापैकी बहुतेक नातेवाइकांनी पाहिली आहे, अर्ध्या लोकांनी तिला धक्काही मारला आहे :-) २००४ ची. पंधरा वर्षं झाल्यावर २०१९ मध्ये एकदा आणि मग २०२४ मध्ये पुन्हा, अशी दोनदा आरटीओतून पासिंग करून आणलेली. बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. मंडईपर्यंत, बँकेपर्यंत आणि महिन्यातून एकदा वाईला काकांकडे, एवढंच त्यांचं ड्रायव्हिंग उरलंय. ते उरावं की नाही यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी सध्या तरी 'उरावं' या पक्षात आहे. नजर डॉक्टरांकडून दर सहा महिन्यांनी तपासून घेतात, रात्री गाडी काढत नाहीत, आणि खंबाटकी घाट माझ्यापेक्षा चांगला उतरतात.

त्या गाडीत कॅसेट लावायची एक पद्धत होती. चालवायचे बाबा. डावीकडे आई, तिच्या मांडीवर बुटाचा खोका, त्यात कॅसेटी. कोथरूडहून निघालं की "कोणती लावू?" असा प्रश्न यायचा. बाबांनी उत्तर दिलं तरी ती तिला हवी तीच लावायची. साठ मिनिटांच्या कॅसेटी, डेक आपोआप बाजू बदलणारा. पहिली कॅसेट शिरवळच्या आसपास संपायची, चहा व्हायचा, दुसरी वाई येईपर्यंत पुरायची. दोन कॅसेटी म्हणजे वाई, हे आमच्या घरातलं अंतर मोजायचं माप होतं.

२०२२ मध्ये आई गेली. त्यानंतर बाबांबरोबर वाईला गेले तेव्हा गाडीत काहीच वाजत नव्हतं. टायरचा आवाज आणि ट्रकचे हॉर्न. घाट संपल्यावर मी विचारलं, "बाबा, काही लावायचं का?" तर म्हणाले, "अगं, गाडी चालवताना कॅसेट बदलता येत नाही."

त्यांनी अडचण तांत्रिक सांगितली. म्हणून मीही उत्तर तांत्रिकच शोधलं. आमच्या घरात असंच चालतं.

सगळ्यात सोपं उत्तर नाना पेठेत मिळतं. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले, डेकचा फोटो दाखवला. दुकानदाराने फोटोकडे पुरातत्त्व खात्यातल्या माणसासारखं पाहिलं. "मॅडम, हा काढून टाका. मस्त मोठी स्क्रीन बसवून देतो. गाणी, नकाशा, मागचा कॅमेरा, सगळं एकात." चूक काहीच नव्हतं त्यात. गाडीच्या डेकची मापं ठरलेली असतात. साधा डेक १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, दुप्पट उंचीचा असेल तर १००. हे माप मुळात जर्मन मानकातलं, म्हणून त्याला अजूनही 'डिन' म्हणतात. मापं जुळली की एक काढून दुसरा बसतो. न जुळली तर मध्ये प्लॅस्टिकची चौकट घालतात.

पण मला बाबांचा हात आठवला. बाबा आवाजाचं बटण बघत नाहीत. हात गिअरवरून सरळ उठतो, दोन बोटं त्या गोल बटणावर पडतात, अर्धा वळसा, आणि हात परत गिअरवर. नजर समोरच. वीस वर्षांत ती जागा त्यांच्या बोटांना पाठ झालीय. गुळगुळीत काचेवर बोटांना पाठ होण्यासारखं काही नसतं. काचेकडे बघावंच लागतं. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण सतरा मीटर जाते. दोन सेकंद नजर खाली म्हणजे तेहतीस मीटर रस्ता न बघता गेला. शहात्तराव्या वर्षी मी बाबांना नवीन काच शिकायला लावणार, तीही कात्रजच्या बोगद्यात? आणि हे माझं एकटीचं खूळ नाही बरं का. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना खरी, हाताला लागणारी बटणं असली तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलंय. बटणं नाहीशी करून झाल्यावर आता त्यांची किंमत कळायला लागली आहे.

तर ठरलं. डेक तोच राहणार, बटण तेच राहणार, पण आत गाणी दुसरीकडून यायला हवीत.

यासाठी लोकांनी पूर्वीपासून काय काय युक्त्या केल्या आहेत! पहिली युक्ती म्हणजे खोटी कॅसेट. आकार कॅसेटचा, आत टेप नाहीच, एका कडेने वायर बाहेर आलेली. टेपवरची चुंबकीय खूण वाचायला डेकमध्ये जे हेड असतं, त्याच्यासमोर या खोट्या कॅसेटचं छोटं हेड येतं आणि तेच चुंबकीय चढउतार तिथे उभे करतं. डेकला वाटतं टेपच चालू आहे. कल्पना इतकी सुंदर आहे की ज्याला सुचली त्याला नमस्कार करावासा वाटतो. पण आतली दात्यांची चाकं सतत कटकट करतात. शिवाय आपोआप बाजू बदलणाऱ्या डेकला कधीकधी संशय येतो, टेप संपली की काय, आणि तो गाण्याच्या मध्येच उलटा फिरतो. आमच्या डेकने वीस मिनिटांत पाचदा बाजू बदलली. एवढ्या वेळा तर राजकारणात... जाऊ दे.

दुसरी युक्ती एफएम ट्रान्समीटरची. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये एक बोंडूक खोचायचं, ते प्लेअरमधली गाणी एफएमवर सोडतं, डेक रेडिओ म्हणून पकडतो. पण ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात सगळी स्टेशनं बसलेली, आणि या बोंडकाची ताकद गाडीपुरती. पुण्यात रिकामी जागा शोधायची म्हणजे रविवारी लक्ष्मी रस्त्यावर पार्किंग शोधण्यासारखं. वाईच्या वाटेवर तर जागा बदलत जाते, आणि दर वेळी ती हाताने शोधायची म्हणजे पुन्हा नजर खालीच.

तिसरी युक्ती म्हणजे डेक उघडून आत डाग द्यायचा. ज्या ठिकाणी रेडिओचा किंवा टेपचा आवाज आवाजाच्या बटणाकडे निघतो तिथे आपली वायर जोडायची. हे जमतं, पण जागा नेमकी कळायला हवी. टेपच्या हेडवरून येणारा सिग्नल एका मिलिव्होल्टपेक्षाही कमी असतो, प्लेअरमधून येणारा त्याच्या शेकडो पट. चुकीच्या जागी जोडलं तर नुसती खरखर आणि फाटका आवाज. माझ्या हाताला कल्हईची सवय आहे, पण हा डेक बाजारात परत मिळणारा नाही. हे शेवटचा उपाय म्हणून ठेवलं.

आणि मग लक्ष गेलं 'सीडी' लिहिलेल्या बटणाकडे.

हे बटण डेकवर पहिल्या दिवसापासून होतं. दाबलं की काहीच व्हायचं नाही. लहान मुलांनी दाबून झालं, पाहुण्यांनी दाबून झालं. आई म्हणायची, "ते शोभेचं आहे." पण शोभेचं नव्हतं ते. त्या काळी वरच्या मॉडेलला सहा सीडींचा चेंजर मिळायचा, डिकीत किंवा सीटखाली बसवलेला. डेक सगळ्यांना एकच. म्हणून ज्यांनी चेंजर घेतला नाही त्यांच्याही डेकच्या पाठीला चेंजरचं सॉकेट असायचं, रिकामं. बटण दाबलं की डेक त्या सॉकेटमधून विचारतो, "कोणी आहे का?" उत्तर आलं नाही की गप्प बसतो. वीस वर्षं तो विचारत होता आणि वीस वर्षं उत्तर येत नव्हतं.

या प्रश्नाला उत्तर देणारी एक छोटी डबी मिळते. ती डेकला सांगते, "हो, मी चेंजर, मी इथेच आहे." डेकचा विश्वास बसला की तो आवाज आत येण्याची वाट मोकळी करतो, आणि त्या वाटेने आपण प्लेअर जोडायचा. काही कापायचं नाही, कुठे डाग द्यायचा नाही. उद्या नको वाटलं तर डबी काढली की गाडी होती तशी.

आता प्रत्यक्ष काम. ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी क्रमाने सांगते. सगळ्यात आधी डेकचा कोड शोधायचा. चोरीला आळा म्हणून त्या काळच्या बऱ्याच डेकना एक गुप्त आकडा असायचा. बॅटरी काढली की डेक कुलूपबंद, आकडा घातल्याशिवाय बोलत नाही. आमचं कार्ड गाडीच्या फायलीत, पहिल्या विम्याच्या पावतीच्या मागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळालं. वर आईच्या अक्षरात 'गाडीचा रेडिओ. टाकू नये.' 

मग बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडायची, दहा नंबरच्या पान्याने. एअरबॅग असेल तर थोडा वेळ थांबून मगच डॅशबोर्डला हात लावायचा. गिअरवर जुना टॉवेल टाकायचा, नाहीतर ओरखडे पडतात. डेकभोवतीची चौकट स्क्रूने नाही, प्लॅस्टिकच्या खटक्यांनी बसलेली असते. स्क्रू ड्रायव्हर खुपसायचा नाही, प्लॅस्टिकची चपटी पट्टी घालून एकेक खटका सोडवायचा. जुनं प्लॅस्टिक ताठर होतं, म्हणून भर दुपारी गाडी जरा तापलेली असताना करावं. चिरंजीव टॉर्च धरून होते आणि प्रत्येक 'खट्' आवाजाला "मोडलं!" म्हणत होते. बाबा बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. एक पान अर्धा तास चाललं होतं.

चौकटीमागे चार स्क्रू, ते काढले की डेक पुढे सरकतो. पाठीमागे वायरींचा गुंता. बाजारातल्या सुट्या डेकच्या वायरींना रंगांचा एक रूढ नियम असतो: पिवळी थेट बॅटरीची, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला, लाल किल्ली फिरवल्यावर चालू होणारी, काळी अर्थिंगची. पण कंपनीच्या वायरींत प्रत्येकाची भाषा वेगळी, त्यामुळे रंगावर विसंबून काही तोडू नये. आम्हाला तोडायचं नव्हतंच. रिकामं सॉकेट शोधायचं होतं. सापडलं. वर वीस वर्षांची धूळ, खाली पिना नव्यासारख्या चकचकीत.

डबी लावली, वायर खालच्या कप्प्यात काढली, तात्पुरती बॅटरी जोडली, कोड घातला. 'सीडी' दाबलं. डिस्प्लेवर आलं: सीडी १, गाणं १. चिरंजीव ओरडले. बाबांनी पेपर खाली ठेवला.

इंजिन चालू केल्यावर एक बारीक 'कुंईंऽऽ' यायला लागलं, ॲक्सिलरेटर दिला की वर चढणारं. हा अल्टरनेटरचा आवाज. प्लेअरला चार्जर गाडीचाच आणि आवाजाची वायरही गाडीतच, त्यामुळे अर्थिंगचं एक वर्तुळ तयार होतं आणि त्यातून हा आवाज शिरतो. मध्ये दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असलेली डबी घातली की वर्तुळ तुटतं. बुधवार पेठेत मिळाली. कुंई बंद.

खरं काम याच्या आधी दोन महिने चाललं होतं, ते म्हणजे कॅसेटी संगणकावर घेणं. साठ कॅसेटी, प्रत्येकी साठ मिनिटं. यात घाई चालत नाही, तासाच्या कॅसेटला तासच लागतो. साठ तास. एवढं करून सगळं मिळून सव्वापाच जीबी भरलं, म्हणजे नखाएवढ्या कार्डाचा एक कोपरा.

यातल्या निम्म्या कॅसेटी आईने आकाशवाणीवरून भरलेल्या. गाणं संपलं आणि निवेदक बोलायला लागला की ती पॉज दाबायची आणि गाण्याचा पहिला सूर आला की सोडायची. म्हणून प्रत्येक दोन गाण्यांच्या मध्ये एक 'टक्' आहे. कुठे निवेदकाचं अर्धं अक्षर राहिलंय, कुठे तंबोरा थोडा कापला गेलाय. आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर हे सगळे टक् शोधून काढायला तयार होतं. मी नको म्हटलं. आईचा आवाज कुठल्याच कॅसेटवर नाही, मी शोधला. तिचा अंगठा मात्र प्रत्येक कॅसेटवर आहे.

प्लेअर घेताना फोन मुद्दामच टाळला. पेनड्राइव्ह लागणारी डबीही मिळते, पण बाबांना घरीही ऐकायला काहीतरी हवं होतं. म्हणून उठावदार बटणांचा एक साधा प्लेअर. एका कॅसेटचा एक फोल्डर, नंबर आईनेच खोक्यावर घातलेले. गाण्यांची उलटसुलट सरमिसळ करायची सोय मी कौतुकाने दाखवली, ती बाबांनी लगेच बंद करायला लावली. "या गाण्यानंतर ते गाणं येतं," असं म्हणाले, सूर्योदयाबद्दल बोलावं तसं.

डेकला अजूनही वाटतंय की सीडी १ मधलं गाणं १ चालू आहे. कोथरूडपासून वाईपर्यंत तेच एक गाणं. त्याचा गैरसमज आम्ही दूर केलेला नाही. आवाजाचं बटण होतं तिथेच आहे, बाबांची दोन बोटं अर्धा वळसा देऊन परत गिअरवर येतात. आणि कॅसेटचं तोंडही शाबूत आहे. बुटाचा खोका मागच्या सीटवर असतो, तो घरात ठेवू का म्हटलं तर नको म्हणाले.

परवा वाईला निघालो. मी डावीकडे बसले, पट्टा लावला. बाबांनी गाडी सुरू करण्याआधी प्लेअर हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "कोणती लावू?"

मी म्हटलं, सतरा नंबर. त्यांनी बेचाळीस लावली.

एकटे जातात तेव्हा कोणती लावतात, ते मी विचारलेलं नाही. पण शेजारचे काका सांगत होते की हल्ली बाबांची गाडी गेटमधून आत यायच्या आधी तिचा आवाज आत येतो. एवढा मोठा आवाज बरा नव्हे, हे त्यांना सांगायला हवं. सांगेन सावकाश.